सांगलीतला ल : हळदीच्या दुकानाची थीम बदलतानाच्या नोंदी

सोमवार, १६ जून २०२५

सकाळीच काकांचा फोन. दुकानाच्या साइटला सर्व्हरवर जागा देणाऱ्या होस्टिंगकडून पत्र आलंय : साइट जिच्यावर चालते ती पीएचपी भाषेची ७.४ आवृत्ती जुलैअखेर बंद होणार, त्याआधी साइट वरच्या आवृत्तीवर न्यावी. "म्हणजे नेमकं काय करायचं गं?" काकांनी विचारलं. म्हटलं, दुपारी येते आणि बघते.

गणपती पेठेत दुकानात बसूनच डॅशबोर्ड उघडला. साइट ज्यावर बांधलीय ते वर्डप्रेस ६.८, ऑनलाइन विक्री सांभाळणारं वूकॉमर्स ताजं, बाकीचे जोड म्हणजे प्लगइनही बहुतेक ताजे. एकट्या थीमपुढे, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचापुढे, सूचना लटकलेली : नवी आवृत्ती उपलब्ध. थीम २०१८ची, म्हणजे साइट बनली तेव्हाची. तेव्हापासून ती कुणी अपडेट केलेली नाही. ऑनलाइन ऑर्डरींचं सगळं वहिनी बघतात, काकांच्या सूनबाई. त्यांनी पडद्याच्या कडेला चिकटवलेली एक चिठ्ठी दाखवली. कागद पिवळा पडलाय, शाई फिकी झालीय : "थीम अपडेट करू नये." अक्षर साइट बनवणाऱ्या मुलाचं. तो पुढे पुण्याला नोकरीला गेला.

चिठ्ठी खरी आहे. वर्डप्रेस थीम अपडेट करतं म्हणजे जुनं फोल्डर काढून टाकतं आणि त्या जागी नवं ठेवतं. त्या फोल्डरात कुणी हाताने चार ओळी घातल्या असतील तर त्याही जातात, विचारणा न होता. ही चिठ्ठी आहे त्या अर्थी अशा ओळी आहेत. किती आहेत, कुठे आहेत, हे मात्र चिठ्ठीत नाही.

पीएचपी ७.४चा सुरक्षा आधार २८ नोव्हेंबर २०२२ला संपला. ८.१चा याच वर्षी ३१ डिसेंबरला संपतोय. म्हणून थेट ८.२वर जायचं ठरवलं. २०१८ची थीम ८.२वर चालेल अशी आशा मला नाही, तेव्हा आधी थीम, मग पीएचपी.

पण थीमच्याही आधी एक काम आहे, आणि या सगळ्यात मोठं तेच : या साइटमध्ये आपलं काय आहे आणि थीमचं काय आहे, ते वेगळं करणं. आज ते कुणालाच सांगता येत नाही. भीती त्यातून आहे.

मंगळवार, १७ जून

बॅकअप. साइटवर बॅकअपचा प्लगइन आहे आणि दर रात्री बॅकअप होतो. पण त्या फाइली साइटच्याच फोल्डरात, त्याच सर्व्हरवर पडतात. घराची दुसरी किल्ली घरातल्याच कपाटात ठेवण्यासारखं झालं हे.

पूर्ण बॅकअप हाताने घेतला : डेटाबेस वेगळा, थीमचं फोल्डर वेगळं, प्लगइन आणि अपलोड वेगळे. एक प्रत माझ्या लॅपटॉपवर, विश्रामबागेत. एक क्लाउडवर, काकांच्या खात्यात. वहिनी म्हणाल्या, दुकानातल्या संगणकावर पण ठेवू या. काकांनी नको म्हटलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पेठेत पाणी शिरलं तेव्हा हाच संगणक तळमजल्यावर होता. भिंतीवर रंग दिलाय, पण टेबलाच्या पायांवर त्या पाण्याची खूण अजून आहे.

थीमचं जुनं फोल्डर स्वतंत्र झिप करून ठेवलं. वर्डप्रेस ६.३पासून, म्हणजे ऑगस्ट २०२३पासून, थीम अपडेट होताना फाइली नीट उतरल्या नाहीत तर आधीची थीम आपोआप परत येते. चांगली सोय आहे, पण ती फाइली उतरण्यापुरती. फाइली नीट उतरल्या आणि चेकआउटमधला रकाना गायब झाला, तर वर्डप्रेसच्या लेखी अपडेट यशस्वीच असतं. म्हणून ही झिप आपल्याकडे हवी.

बुधवार, १८ जून

बॅकअप घेतला म्हणजे बॅकअप आहे असं मी धरत नाही. तो कुठेतरी उभा करून बघावा लागतो. काकांना हे सांगताना वाटलं, त्यांना कंटाळा येईल. त्यांनी उलट हरिपूरच्या पेवांचं सांगितलं. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण आत हवाच नाही. कीड जगत नाही, आणि माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की तोंड काही तास मोकळं ठेवायचं, कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. "तुझं हे कंदील सोडणंच झालं की," म्हणाले. २००५च्या पुरात हरिपूरची बरीच पेवं पाण्याने गेली. काका त्या धंद्यातले, बोलताना आवाज उतरतो.

तर कंदील सोडला. त्याच होस्टिंगवर एक उपडोमेन केलं, त्याला पासवर्ड लावला, आणि बॅकअपमधून साइट तिथे उभी केली. ही स्टेजिंग, म्हणजे चाचणीपुरती प्रत. शोधयंत्रांना मज्जाव केला, पण त्या सूचनेवर विसंबत नाही, पासवर्ड खरा.

साइटचा पत्ता बदलताना डेटाबेसमध्ये साधं शोधा-आणि-बदला करायचं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. वर्डप्रेस बरीच सेटिंग्ज अशा स्वरूपात साठवतं की प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. जुना पत्ता २४ बाइटचा, नवा ३२ बाइटचा. मजकूर बदलला आणि आधीचा आकडा २४च राहिला, तर ते सेटिंग वाचताच येत नाही. विजेट (पानाच्या कडेच्या, तळाच्या छोट्या चौकटी) जातात, थीमची सेटिंग्ज जातात, आणि कारण सापडत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय, म्हणजे वर्डप्रेसला आज्ञा टाइप करून चालवायचं साधन, त्याची सर्च-रिप्लेस आज्ञा हे आकडे सांभाळून बदल करते. आधी ड्राय-रन करून किती ठिकाणी बदल होणार ते पाहिलं, मग खरा केला.

त्याहून महत्त्वाचं : स्टेजिंगवर खऱ्या गिऱ्हाइकांच्या खऱ्या ऑर्डरी आहेत. तिथे एखाद्या ऑर्डरीची स्थिती बदलली, की जतच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या माणसाला "आपली ऑर्डर रद्द झाली" असा मेल जाईल. म्हणून साइट उघडण्याआधीच :

– मेल पाठवणं रोखणारी छोटी फाइल मस्ट-यूज प्लगइनच्या (जे आपोआप चालू असतात त्यांच्या) फोल्डरात टाकली
– वर्डप्रेसची वेळापत्रकी कामं बंद केली
– पेमेंट गेटवे चाचणीच्या किल्ल्यांवर (जोडणीच्या सांकेतिक अक्षरांवर) नेला
– कुरियर आणि एसएमएसच्या किल्ल्या पुसल्या

मग स्वतःच्या नावाने एक ऑर्डर टाकली. मेल आला नाही. हवं होतं ते हेच.

शुक्रवार, २० जून

आजचा दिवस डिफचा, म्हणजे दोन प्रतींतला फरक काढण्याचा. थीम अधिकृत संग्रहातली आहे आणि तिथे जुन्या आवृत्त्या मिळतात. २०१८ची तीच आवृत्ती कोरी उतरवली, शेजारी काकांच्या साइटवरची ठेवली, आणि दोन्ही फोल्डरं ओळीला ओळ लावून ताडून पाहिली. जिथे फरक, तिथे कुणाचा तरी हात.

सात ठिकाणं निघाली. वहीत एकेक लिहून काढली, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

तळपट्टीत एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या, परवान्याचा क्रमांक. वरच्या पट्टीत व्हॉट्सअॅपचा दुवा. स्टाइल फाइलच्या तळाशी साठेक ओळी, रंग आणि अंतरं. फंक्शन्स फाइलमध्ये दोन तुकडे : एक "कार्टमध्ये टाका"च्या जागी "पिशवीत घ्या" करणारा, दुसरा वजनावरून पाठवणीचा खर्च काढणारा. हेडर फाइलच्या पहिल्याच ओळीत काहीतरी बदल आहे. तो आज नीट पाहिला नाही, दोन अक्षरांचा आहे. (हे वाक्य तसंच ठेवते. २४ तारखेची नोंद बघावी.)

सहावं, थीमच्या आत वूकॉमर्स नावाचं फोल्डर. त्यात चेकआउटच्या फॉर्मची नक्कल, आणि नकलेत एक जादा रकाना : "जवळची खूण". मी आधी त्याला किरकोळ समजले. वहिनींनी ऑर्डरींची यादी उघडून दाखवली. "बिरोबाच्या देवळामागे, लिंबाखालची वस्ती." "जुन्या साखर गोदामासमोर, निळा दरवाजा." "शाळेच्या मागं विहीर हाय तिथं फोन करा." वाडीवस्तीवरच्या गिऱ्हाइकाला घरनंबर नसतो. कुरियरचा माणूस या ओळीवर पोचतो. हा रकाना अपडेटमध्ये गेला असता तर साइट दिसायला छान राहिली असती आणि पार्सलं परत आली असती.

सातवं हेडरमध्येच सापडलं, कॉमेंट करून बंद ठेवलेल्या सहा ओळी :

"महापुरामुळे सर्व पाठवणी बंद आहे. दुकान पाण्यात आहे. घेतलेल्या ऑर्डरी पाणी उतरल्यावर पाठवू. पैसे परत हवे असतील तर फोन करा."

फाइलवरची तारीख ऑगस्ट २०१९.

तो मुलगा थीमच्या फाइलीत थेट का लिहीत होता, ते मला इथे कळलं. शहरात पाणी, दुकान बंद, आणि बाहेरगावची माणसं ऑर्डरी टाकतायत. अशा वेळी चाइल्ड थीम, म्हणजे आपल्या बदलांसाठी मूळ थीमला जोडलेली वेगळी थीम, कोण करत बसणार? हेडर उघडायचं, ओळी लिहायच्या, सेव्ह. त्याने बरोबर केलं. काकांना त्या ओळी वाचून दाखवल्या. काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे काढू नकोस."

काढणार नाही. पण कोडमध्ये कॉमेंट करूनही ठेवणार नाही.

शनिवार, २१ जून

चाइल्ड थीम केली. करायला सोपी : थीम्सच्या फोल्डरात नवं फोल्डर, त्यात स्टाइल फाइल, तिच्या डोक्यावर नाव आणि "टेम्प्लेट" या ओळीत मूळ थीमच्या फोल्डराचं नाव, अक्षरशः तेच. आपलं सगळं इथे. मूळ थीम कितीही वेळा बदलली तरी या फोल्डराला अपडेट हात लावत नाही.

सातांपैकी पाच गोष्टी आज हलवल्या. चेकआउटचा फॉर्म मात्र नकलेने आणला नाही. नक्कल म्हणजे वूकॉमर्सची २०१८ची फाइल आपण गोठवून ठेवणं. वूकॉमर्स पुढे गेलं, नक्कल मागे राहिली. सिस्टिम स्टेटसच्या पानावर अशा सहा नकला "जुन्या" म्हणून लाल अक्षरांत दिसत होत्याच. रकाना एकच हवाय, तर रकान्यांच्या यादीला फिल्टर (यादी वापरण्याआधी तिच्यात बदल करणारा कोडचा तुकडा) लावून तेवढाच घातला. साठवणीची किल्ली, म्हणजे रकान्याचं डेटाबेसमधलं नाव, जुनीच ठेवली. नवी दिली असती तर सात वर्षांच्या ऑर्डरींमधल्या खुणा डेटाबेसमध्ये असूनही वहिनींना दिसल्या नसत्या.

मग स्टेजिंगवर चाइल्ड थीम चालू केली आणि साइट बोडकी झाली. लोगो नाही, मेनू नाही, हळदीचा पिवळा जाऊन थीमचा मूळ निळा रंग.

हे मला माहीत होतं तरी क्षणभर धस्स झालं. कस्टमायझरमधल्या निवडी, म्हणजे लोगो, रंग, कोणता मेनू कुठे, या डेटाबेसमध्ये थीमच्या फोल्डराच्या नावाखाली साठतात. चाइल्डचं फोल्डर वेगळं, म्हणून तिच्या नावाची पाटी कोरी. काही हरवलेलं नसतं, जुन्या नावाखाली शाबूत असतं. जुन्या थीमच्या नावाची नोंद वाचून ती नव्या नावाने लिहिली, दोन आज्ञांत काम झालं. लोगो आला, मेनू आला, पिवळा आला. तळपट्टीतले विजेट "निष्क्रिय" यादीत जाऊन पडले होते, ते हाताने ओढून जागेवर आणले. कस्टमायझरच्या "अतिरिक्त सीएसएस"मधल्या ओळी उचलून चाइल्डच्या स्टाइल फाइलमध्येच टाकल्या, म्हणजे त्यांचीही काळजी मिटली.

लाइव्हवर, म्हणजे खऱ्या साइटवर, हे सगळं चाइल्ड चालू करण्याआधी करायचं, नंतर नाही. वहीत लाल पेनने.

मंगळवार, २४ जून

आज स्टेजिंगवर मूळ थीम अपडेट केली. सात वर्षांची उडी एका बटणात. साइट उघडली, पिवळा रंग जागेवर, परवाना क्रमांक जागेवर, "जवळची खूण" जागेवर. लॅपटॉप घेऊन दुकानात गेले आणि काकांपुढे ठेवला.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत "सांगलीची हळद" असं आहे. २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्या आनंदात लावलेलं. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "हा ल आपला नव्हे."

मला कळेना. त्यांनी बोट ठेवलं. मराठीत आपण ल लिहितो तो दोन पाकळ्यांचा, शिरोरेघेला छोट्या देठाने लटकलेला. पडद्यावरचा ल उजवीकडे पूर्ण उभी दांडी असलेला होता, हिंदीच्या पुस्तकात असतो तसा. खाली "शेतकरी"मधला शही तसाच बदललेला. दुकानावरची जुनी पाटी रंगाऱ्याकडून काकांनी स्वतः उभं राहून लिहून घेतलीय. त्यांच्या डोळ्याला ते लगेच खटकलं, मला चार दिवस शेजारी बसूनही दिसलं नसतं.

फॉन्ट बदलला असेल म्हणून आधी तिकडे गेले. फॉन्ट तोच, नोटो सान्स देवनागरी. त्यात ल आणि श यांचे दोन्ही आकार असतात. कोणता दाखवायचा ते ब्राउझर पानाच्या भाषेवरून ठरवतो. पानाने स्वतःला मराठी म्हटलं तर पाकळीचा ल, नाही तर दांडीचा. आणि हेडरच्या पहिल्या ओळीतला तो दोन अक्षरांचा बदल, जो मी शुक्रवारी सोडून दिला होता, तो हाच. त्या मुलाने भाषेच्या जागी हाताने मराठीची खूण लिहिली होती. साइटचं सेटिंग इंग्रजीच होतं, कारण डॅशबोर्ड इंग्रजीत हवा होता. नव्या हेडरने सेटिंग वाचलं आणि पानाला इंग्रजी म्हटलं.

सातांतल्या सहा गोष्टी नीट तपासल्या आणि एक लहान म्हणून सोडली, तीच निघाली.

उपाय दोन होते. साइटची भाषाच मराठी करणं हा एक. वर्डप्रेस ४.७पासून प्रत्येकाला आपल्या प्रोफाइलमध्ये डॅशबोर्डची भाषा वेगळी ठेवता येते, त्यामुळे वहिनींची अडचण झाली नसती. पण मग वूकॉमर्सची सगळी वाक्यं आणि मेल एका फटक्यात मराठी अनुवादावर गेले असते. त्यातली प्रत्येक ओळ वाचून पाहिल्याशिवाय मी ते गिऱ्हाइकांसमोर ठेवणार नाही. ते वेगळं काम, वेगळ्या महिन्यात. आत्ता चाइल्ड थीममध्ये पानाची भाषा सांगणाऱ्या फंक्शनला फिल्टर लावला : समोरच्या बाजूला नेहमी मराठी. पान ताजं केलं. काकांनी पाहिलं, मान हलवली, हिशेबाच्या वहीकडे वळले.

अक्षरांकडे लक्ष गेलं तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या. नव्या थीमने मथळ्यांना अक्षरांतर वाढवलंय. रोमन अक्षरांत ते मोकळं, छान दिसतं. देवनागरीत शिरोरेघ तुटते : "हळद" एका रेघेखाली न राहता तीन सुट्या अक्षरांत उभी राहिली. आणि ओळीची उंची इतकी कमी की उत्पादनाच्या चौकटीत "किंमत"वरचा अनुस्वार आणि "दर्जेदार"चा रफार वरून कापले जात होते. चाइल्डमध्ये अक्षरांतर शून्य केलं, ओळीची उंची दीडपट केली. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते.

गुरुवार, २६ जून

चाचणी वहिनींनी केली, मी फक्त बसले. त्यांच्या फोनवर, दुकानाच्या वायफायवर नाही, मोबाइल डेटावर. अर्धा किलो राजापुरी पूड, एक किलो हळकुंड, पाव किलो बेदाणा. पिशवीत घ्या, पत्ता, पिन कोड, खूण, पैसे. एकदा यूपीआय, एकदा घरपोच रोख. मग ऑर्डर डॅशबोर्डवर कशी दिसते, पावती छापल्यावर खूण येते का.

पावतीवर खूण आली नाही. पावतीचा साचा तिसऱ्याच ठिकाणी होता. तासभर गेला, झालं. वजनाचा खर्च मात्र दोन किलोच्या वर चुकत नाही ना, हे त्यांनीच आठवण करून तपासायला लावलं. बरोबर निघाला.

शुक्रवार, २७ जून

स्टेजिंगवर पीएचपी ८.२. साइट पांढरी.

एरर लॉगमध्ये कारण एका ओळीत : "पिशवीत घ्या"वाला तुकडा पीएचपीचं क्रिएट-फंक्शन हे जुनं साधन वापरतो आणि ते पीएचपी ८.०पासून काढून टाकलंय. मी तो तुकडा जसाच्या तसा चाइल्डमध्ये आणला होता. साध्या फंक्शनात लिहिला, साइट आली. लॉगमध्ये उरलेले चार इशारेही मिटवले. पांढरं पान स्टेजिंगवर दिसलं, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसलं नाही. स्टेजिंग त्यासाठीच आहे.

पुराची पट्टीही आज केली. कस्टमायझरमध्ये एक चौकोन आणि एक मजकुराची जागा : चौकोनात खूण केली की साइटच्या माथ्यावर पट्टी. मजकुराच्या जागेत २०१९च्या त्या ओळी भरून ठेवल्या, चौकोन रिकामा. वहिनींना फोनवरून करता येतं. आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ला धोका. पेठेतली माणसं पावसाळ्यात हे आकडे घड्याळासारखे बघतात. त्या वेळी कुणाला हेडर उघडायला लागू नये.

सोमवार, ३० जून

बुधवारी रात्री करायचं ठरलं. गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डरींच्या वेळा पाहिल्या, रात्री अकरानंतर जवळजवळ शांत. शुक्रवारी नाही, कारण काही बिघडलं तर शनिवार-रविवार होस्टिंगवाल्यांना गाठणं कठीण. थीम आणि पीएचपी एकाच रात्री बदलायचं नाही. दोन्ही बदलले आणि मोडलं, तर कशाने मोडलं ते कळत नाही.

वहिनींनी विचारलं, "स्टेजिंग तर तयारच आहे, तीच उचलून का नाही ठेवायची?" प्रश्न अगदी बरोबर. स्टेजिंगचा डेटाबेस १७ जूनचा आहे. तो लाइव्हवर ठेवला तर त्यानंतर आलेली प्रत्येक ऑर्डर पुसली जाईल. म्हणून स्टेजिंगवरून लाइव्हकडे फक्त फाइली जाणार. डेटाबेस लाइव्हचाच राहणार, त्यात फक्त सेटिंगच्या नोंदी लिहायच्या.

बुधवार, २ जुलै, रात्र

१०.५० – शेवटच्या ऑर्डरीचा क्रमांक वहीत लिहिला.
११.०५ – "थोड्या वेळात येतो" पान लावलं. मगच डेटाबेसचा ताजा बॅकअप, म्हणजे मधे काही सुटत नाही. डाउनलोड करून उघडून पाहिला.
११.१४ – चाइल्ड थीमचं फोल्डर चढवलं. चालू केलं नाही.
११.१७ – सेटिंगच्या नोंदी जुन्या नावावरून नव्या नावावर.
११.२१ – मूळ थीम अपडेट. लगोलग चाइल्ड चालू.
११.२४ – विजेट जागेवर. कॅश (पानांच्या साठवलेल्या प्रती) रिकामी.
११.२७ – पान उघडलं. ल पाहिला. पाकळीचा.
११.३५ – माझ्या कार्डाने खरी ऑर्डर, अर्धा किलो पूड. खूण लिहिली : "विश्रामबाग, चाचणी." वहिनींच्या फोनवर मेल गेला, त्यांचा लगेच मेसेज, "आली."
११.४० – साइट खुली.

वहिनी जाग्या राहिल्या होत्या. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं.

गुरुवार, ३ जुलै

सकाळी वहिनींच्या मिरजेच्या बहिणीचा फोन : साइट "नुसती अक्षरं अक्षरं" दिसतेय, रंग नाही, चौकटी नाहीत. माझ्याकडे नीट, वहिनींकडे नीट.

साइटपुढे सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती ठिकठिकाणाहून पुरवणारी सेवा, आहे आणि त्याची कॅश वेगळी. मी रात्री सर्व्हरची रिकामी केली, ती राहिली. त्या कॅशमधल्या जुन्या पानाला जुन्या थीमची स्टाइल फाइल हवी होती, आणि नव्या थीममध्ये त्या नावाची फाइलच नाही. सीडीएनची कॅश रिकामी केली, बहिणीकडे दोन मिनिटांत ठीक. साडेअकरा ते सकाळी नऊ, एवढा वेळ काही गिऱ्हाइकांना साइट तशी दिसली असणार. वाईट वाटलं. वहीतल्या यादीत "कॅश रिकामी" खोडून दोन ओळी केल्या : सर्व्हरची, सीडीएनची.

सोमवार, ७ जुलै

रात्री पीएचपी ८.२. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये एक निवड, चार मिनिटं. लॉग अर्धा तास उघडा ठेवला, कोरा. एक ऑर्डर माझ्यासमोरच आली, आटपाडीहून.

शुक्रवार, २५ जुलै

थीमची लहानशी नवी आवृत्ती आली. बॅकअप, स्टेजिंगवर अपडेट, वहिनींच्या दोन चाचणी ऑर्डरी, मग लाइव्ह, दोन्ही कॅश. पाऊण तास. उघडल्यावर आधी "सांगली"तला ल पाहिला, मग "किंमत"वरचा अनुस्वार.

पडद्याच्या कडेची पिवळी चिठ्ठी वहिनींनी काढली आणि तिथे नवी लावली, स्वतःच्या अक्षरात : "आपलं सगळं चाइल्डमध्ये. यादी वहीत, पान १२." जुनी चिठ्ठी फेकली नाही, वहीच्या त्याच पानात ठेवली.

बाहेर चार दिवसांचा पाऊस. निघण्याआधी वहिनींनी फोनवरून पट्टी लावून पाहिली. साइटच्या माथ्यावर २०१९च्या ओळी आल्या. काकांनी वाचल्या, म्हणाले, "दुकान पाण्यात आहे हे आत्ता नको, पाठवणीला उशीर होईल एवढंच ठेव." वहिनींनी मजकूर बदलला, पुन्हा लावून बघितला, आणि चौकोन रिकामा केला.